काकूंचा कंटाळा

गेल्या महिन्यात एके दुपारी मी एम. ए.च्या वर्गास शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची 'द यलो वॉलपेपर' ही कथा शिकवीत होतो. ही कथा १८९२ साली प्रसिद्ध झाली. नुकतेच बाळंतपण झालेली एक स्त्री आहे आणि तिचा नवरा स्वतः डॉक्टर आहे. त्याचे तिजवर प्रेम आहे, आणि त्या प्रेमाच्या भरातच तो तिला वारंवार बजावीत असतो की, तुला काहीएक झालेले नाही. विश्रांती घे, लिहिणे सोड, म्हणजे सारे ठीक होईल. भाड्याने घेतलेल्या एका जुन्या घराच्या माडीवर तिला ठेवण्यात येते. तेथील भिंतींवर पिवळा, विटका कागद चिकटवलेला असतो. पाहता पाहता त्या कागदाच्या नक्षीआड कोंडलेली एक बाई तिला दिसू लागते, आणि शेवटी ती बाई व आपण यांतील अंतरच तिला उरत नाही. गिलमनबाई स्वतः अशा सक्तीच्या विश्रांतीच्या उपचारातून गेल्या होत्या, हेही मी वर्गास सांगितले.

तास संपावयास पाचेक मिनिटे असताना मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण तिला नक्की झालं होतं काय? नवरा तर चांगला होता की!"

वर्ग हसला. मी मात्र प्राध्यापकास साजेल अशा गांभीर्याने फळ्याकडे वळलो आणि कारणांची एक यादीच लिहून दिली : बाळंतपण, लेखनावरील बंदी, एकांत, पतीचे पालकासारखे वागणे, तत्कालीन समाजरचना. मुलीने ती मुकाट्याने उतरून घेतली. पण तिचे समाधान झालेले दिसले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. घरी परतताना तिचे ते वाक्य माझ्या कानांत घुमत होते. ते मी पूर्वी कोठेतरी ऐकले होते. रंकाळ्याच्या कडेने जाताना एकदम आठवले. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या माजघरात, आजीच्या तोंडून, थोड्याफार फरकाने मी तेच ऐकले होते. आणि ते माझ्या काकूंविषयी होते.

१९८५ च्या उन्हाळ्यात आमच्या मंगळवार पेठेतील घरी दूरचित्रवाणीचा संच आला. घरात अकरा माणसे. शेजारची आणखी तितकीच रात्री येऊन बसत. संच माजघरात, देवघराच्या दाराला लागून ठेवला होता. पुरुषमंडळी सतरंजीवर, मुले त्यांच्या पुढ्यात, आजी पाटावर भिंतीला टेकून. आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. त्यांच्या हातात नेहमी काहीतरी काम असे. गवार मोडणे, ताटे पुसणे, दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडणे. माझ्या आईने कधी "वहिनी, पुढे येऊन बसा की," म्हटले तर त्या हसत आणि तेथेच बसून राहत.

त्या वर्षी साऱ्या देशाला 'हम लोग' या मालिकेने वेड लावले होते. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ही मालिका १९८५ च्या डिसेंबरात संपली. दूरचित्रवाणीवरील मालिकांतून लोकशिक्षण साधण्याची कल्पना मेक्सिकोतून आपल्याकडे आली होती. मनोहर श्याम जोशी यांनी तिला एका मध्यमवर्गीय हिंदी कुटुंबाचे रूप दिले. आरंभी कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला म्हणून प्रेक्षक कंटाळले. तेरा भागांनंतर तो उपदेश सौम्य करण्यात आला आणि मालिका रंगू लागली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येत आणि घरातील वडीलधाऱ्याप्रमाणे चार शब्द सांगत.

त्या कुटुंबातील आईचे नाव भगवंती. नवरा दारुडा, सासू तोंडाची फटकळ, पाच मुलांचे पाच प्रश्न. आणि ही माउली पदराने डोळे टिपीत चुलीपुढे उभी. लेखकाचा हेतू असा होता की, असे निमूट सोसणे किती घातक आहे, हे पाहून स्त्रियांनी शहाणे व्हावे. पुढे अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनी मालिकेचा अभ्यास केला तेव्हा निराळेच आढळले. कित्येक प्रेक्षकांनी भगवंतीला इशारा म्हणून न घेता आदर्श म्हणून घेतले होते. स्त्री असावी तर अशी, असे त्यांना वाटले.

मला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटले नाही. आम्हा मराठी माणसांचा तर हा जुनाच अभ्यास आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील सिंधू, ठिगळे लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसलेले ते बालगंधर्वांचे रूप, आमच्या आजोबांच्या पिढीने डोळे भरून पाहिले. नाटक दारूच्या विरुद्ध होते. पण घरोघर जी गोष्ट पोहोचली, ती सिंधूचे सोसणे ही होती. सिंधूच्या मनाचे काय होत असेल, तिला रात्री झोप लागत असेल की नाही, जेवण जात असेल की नाही, हे विचारण्याची कोणास आठवण झाली नाही. तिचे अश्रू इतके सुंदर होते की, ते दुखण्याचे लक्षण असू शकेल ही शंकाच कोणास आली नाही.

आजीला भगवंती फार आवडे. मालिका संपली की ती उसासा टाकून म्हणे, "बाई गं, काय सोसते ही!" आणि मग तिची नजर उंबऱ्याकडे जाई.

उंबऱ्यात बसलेल्या काकूंचे त्या वर्षी काहीतरी बिघडले होते. आज मला ते दिसते. तेव्हा दिसत असूनही दिसत नव्हते. त्या पहाटे तीनला उठून मागच्या पायरीवर बसून राहत. धुतलेले पातेले पुन्हा धूत. जेवायला बसल्या की भात चिवडीत आणि "पोट भरलं," म्हणत. पूर्वी त्या कामे करता करता काहीतरी गुणगुणत असत. ते केव्हा थांबले, हे घरात कोणीही सांगू शकले नसते. रडल्या मात्र कधी नाहीत. एखादे वेळी त्या रडल्या असत्या तर बरे झाले असते, कारण रडण्याचा अर्थ आम्हांला कळत होता.

आईने एकदा भीत भीत आजीपाशी विषय काढला. आजी म्हणाली, "तिला कशाचं दुःख? नवरा सुपारीसुद्धा खात नाही. कधी हात उगारलेला नाही. दोन मुलं आहेत, सोन्यासारखी. त्या भगवंतीकडे बघ म्हणावं!"

आजी दुष्ट नव्हती. सुनेच्या बाळंतपणात स्वतः रात्र रात्र जागलेली बाई ती. पण दुःख मानावयाचे तर त्याला कारण हवे, आणि कारण हवे तर ते गोष्टीत शोभण्यासारखे हवे, हा तिचा पक्का हिशेब होता. काका खरोखरच सज्जन होते. त्यामुळे काकूंच्या दुखण्याला गोष्टच नव्हती.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी दुपारी भाजीला गेलेल्या काकू दिवेलागण झाली तरी परतल्या नाहीत. आम्हां मुलांना चहूकडे पिटाळण्यात आले. मी पंधरा वर्षांचा होतो. सायकल काढून थेट रंकाळ्यावर गेलो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. संध्यामठाकडे तोंड करून काकू पाण्याच्या अगदी खालच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी पिशवी, तिच्यातून दोडके डोकावत होते.

"काकू, इथं काय करतेस? सगळे शोधायला लागलेत."

"काही नाही रे. बसले होते जरा."

मी पिशवी उचलली. त्या उठल्या नाहीत. पाण्याकडे पाहतच म्हणाल्या, "बाळ, मला फार कंटाळा आलाय बघ."

आणि मी म्हणालो, "मग चल की घरी! आज 'हम लोग' आहे."

त्या एकदम उठल्या. सायकल हाती धरून मी पुढे आणि त्या मागे, असे आम्ही घरी आलो. इतक्या सहजपणे त्यांना परत आणल्याचा मला कोण अभिमान वाटला! माजघरात मी ती हकीकत रंगवून सांगितली; सगळे हसले; काकूही हसल्या. त्या रात्री आजीने त्यांची दृष्ट काढली आणि विषय मिटला.

मराठीत 'कंटाळा' हा शब्द मोठा फसवा आहे. शाळेचा कंटाळा येतो, पावसाचा येतो, दोडक्याच्या भाजीचा येतो. आणि जगण्याचा येतो तेव्हाही आपल्या बायका बापड्या तोच शब्द वापरतात. मोठा शब्द वापरण्याची त्यांना लाज वाटते. त्या पायरीवर काकूंनी आपल्याजवळचा सर्वांत प्रामाणिक शब्द एका पोरापुढे ठेवला होता, आणि पोराने त्याला करमणुकीचा उतारा सांगितला.

पुढे नवरात्र आले. आमच्या घरी अष्टमीला महालक्ष्मीची पूजा असते. तांदळाच्या पिठाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करावयाची, नव्या सुनांनी तिची पूजा करावयाची आणि रात्री धुपाने धुपवलेल्या घागरी तोंडाशी धरून बायकांनी फुंकावयाच्या, नाचावयाचे. बाहेर अंबाबाईचे वाहन नगरप्रदक्षिणेस निघालेले असते. आत घागरींचा तो घुमणारा आवाज. मी लहानपणी त्या आवाजाला भीत असे.

त्या अष्टमीला घागर फुंकता फुंकता काकूंच्या अंगात आले. पूर्वीही एकदोनदा आले होते, पण इतके कधी नाही. केस सुटले, डोळे फिरले. वर्षभर उंबऱ्यात बसणाऱ्या त्या बाईपुढे घरातील झाडून सारी माणसे हात जोडून उभी राहिली. काकांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. आजीने वाकून विचारले, "आई, काही चुकलं का? काय पाहिजे तुला?"

काकू बराच वेळ घुमत राहिल्या आणि मग जड, अनोळखी आवाजात म्हणाल्या, "मला निजू द्या."

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे कोणास सांगितले नाही. त्या रात्री मात्र त्यावर घरात मोठी चर्चा झाली. देवीला निजू द्या म्हणजे काय? शेजारतीला उशीर होतो काय? अखेर आजोबांनी उलगडा केला. दूरचित्रवाणीचा संच देवघराच्या दाराशी आहे. रात्री उशिरापर्यंत त्याची कलकल चालते. देवीची निद्रा मोडते. सर्वांस ते पटले. दसरा झाल्याबरोबर संच माजघरातून हलवून पुढच्या सोप्यात नेण्यात आला. सोपा पुरुषांचा, तेथे परके लोक येत. स्वयंपाकघराचा उंबरा तेथून दूर राहिला. काकूंचे 'हम लोग' त्या दिवशी संपले. देशाचे संपावयास अजून दोन महिने होते.

देवी बोलली तेव्हा आम्ही ऐकले आणि तिचा निरोप देवघराकडे वळवला. ज्या देहातून ती बोलली, त्या देहाला झोप येत नव्हती, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता काकू मागच्या पायरीवर होत्याच.

पुढे दोनएक वर्षांनी शेखर ताम्हाणे यांचे 'सविता दामोदर परांजपे' हे नाटक कोल्हापुरास आले. आम्ही सारे घर केशवराव भोसले नाट्यगृहात ते पाहावयास गेलो. (शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाली; तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना मान आपोआप खाली जाते.) सुखवस्तू घरातील कुसुम हिला मृत सविताने झपाटले आहे, असा त्या नाटकाचा विषय. रीमा लागू यांनी ती भूमिका अशी काही केली होती की, प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. सविताचा आवाज त्यांच्या घशातून फुटला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

मध्यंतरात पुरुषमंडळी अभिनयाची वाखाणणी करीत होती. काकू बटाटेवडा खात स्वस्थ उभ्या होत्या. मी विचारले, "काकू, भीती वाटली का गं?"

त्या म्हणाल्या, "भीती कसली? पण एवढं ओरडायला ताकद लागते रे अंगात."

मी ते वाक्य विनोद म्हणून घेतले. आज वाटते, त्या नाटकावर इतके नेमके परीक्षण कोणी लिहिले नसेल. रंगभूमीवरील स्त्रीचे मन मोडते तेव्हा ते आवाज करून मोडते. केस सुटतात, भांडी फुटतात, दिवे लाल होतात. घरातील बाईचे मन मोडते तेव्हा ती ताटे पुसत असते.

यात नाटककारांचा दोष आहे, असे मला म्हणावयाचे नाही. नाटकाला कार्यकारणाची साखळी लागते. ॲरिस्टॉटलने ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. कारणावाचून घडलेली गोष्ट रंगभूमीवर खोटी वाटते. म्हणून सिंधूला सुधाकर लागतो, भगवंतीला दारुडा नवरा लागतो, कुसुमला सविता लागते. प्रशांत दळवी यांच्या 'ध्यानीमनी'तील शालू मूल नाही म्हणून मनानेच एक मुलगा घडविते, त्याला वाढविते, त्याच्यासाठी डबा भरते. २०१७ साली त्या नाटकाचा चित्रपटही निघाला. ही सारी दुःखे खरी आहेत आणि ती दाखविणारी माणसे मोठी आहेत. अडचण इतकीच की, तीन तासांसाठी केलेला रंगभूमीचा हा कायदा आपण प्रेक्षक घरी घेऊन येतो. पडद्यावरच्या बाईचे दुःख कारणासकट पाहण्याची सवय झाली की, कारणावाचून दुखणारी बाई आपल्याला ढोंगी तरी वाटते, नाही तर कृतघ्न. 'नवरा तर चांगला होता की!'

तीन तासांच्या नाटकाला जे साधत नाही, ते दूरचित्रवाणीच्या मालिकेला साधण्यासारखे होते, असे मात्र मला राहून राहून वाटते. ती आठवड्यामागून आठवडे घरात येते. माणूस हळूहळू कसा मावळत जातो, हे दाखवावयास तिच्याइतका वेळ कोणापाशी आहे? पण त्या काळी तिने आम्हांला एकीकडे भगवंती दिली आणि दुसरीकडे रजनी. १९८५ साली बासू चटर्जींच्या मालिकेतील ती प्रिया तेंडुलकरांची रजनी साऱ्या मुजोरांना सरळ करी, आणि तेही एका भागाच्या आत. सोसणारी आणि लढणारी, या दोघींच्या मधली, नुसती थकलेली बाई त्या पेटीत नव्हती. आताच्या मालिकांत नायिकेला दुधातून औषध घालून वेडी ठरविण्याचे कारस्थान चालते. म्हणजे मनाचा आजार तेथे आजारही राहिला नाही, खलनायिकेचे हत्यार झाला.

याला सन्माननीय अपवाद आहेत. पुण्यास शिकत असताना विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी केलेला 'स्मृतिचित्रे' हा चित्रपट मी पाहिला; लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांची होती. तो पाहून मूळ पुस्तक पुन्हा वाचले. १८५७ च्या धामधुमीत आपल्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, हे लक्ष्मीबाई आरंभीच सांगतात. धान्य धू, साखर धू, मीठ धू. आणि ते धुण्याचे हाल घरातील बायकांनी सोसावयाचे. १८९५ साली पती ख्रिस्ती झाले तेव्हा स्वतःच्या मनाची जी दशा झाली, तीही त्या लपवीत नाहीत. पण हे सारे त्या अशा आवाजात सांगतात की, जणू शेजारीण ओसरीवर बसून बोलते आहे. स्वतःला त्या देवी करीत नाहीत आणि बिचारीही करीत नाहीत. १९३४ पासून ते पुस्तक मराठीत आहे. ती भाषा आमच्या घरच्या कपाटात होती. उंबऱ्यापर्यंत तेवढी पोहोचली नाही.

काकूंचे पुढे काय झाले, हे सांगावयास हवे. १९९४ साली त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, बँकेत नोकरीला लागली आणि पहिल्या पगाराबरोबर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आईला मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. घरात कुजबुज झालीच. आमच्याकडे 'रत्नागिरीला पाठवा' हा वाक्प्रचार थट्टेत चालतो, तेथे मनोरुग्णालय आहे म्हणून. त्यामुळे मिरजेला जाणे म्हणजे त्या वाटेवरचे पहिले ठाणे, अशी काहींची समजूत. काका सोबत गेले होते. डॉक्टरांनी तासभर काकूंशी एकट्याने बोलून औषध लिहून दिले. काकांनी चिठ्ठीकडे पाहत विचारले, "पण डॉक्टर, कारण काय? मी हिला काही कमी केलेलं नाही."

डॉक्टर म्हणाले, "नाहीच केलंत. कारण सापडलं तर बघू. नाही सापडलं तरी आजार तो आजारच. रक्तदाब असलेल्या माणसाला आपण आधी त्याची हकीकत विचारतो का?"

काका गाडीत रडले, असे बहीण सांगते. नऊ वर्षे ते स्वतःलाच दोषी धरून बसले होते, ही गोष्ट आम्हांला तेव्हा कळली. कारण शोधण्याच्या त्या आमच्या हट्टाने काकूंना खोटे ठरविले होते आणि त्या सज्जन माणसाला गुन्हेगार.

चारपाच आठवड्यांनी एके सकाळी काकू दूधवाल्याशी पाण्यावरून कडाडून भांडल्या. सारे घर जिन्यात येऊन ते भांडण ऐकत उभे राहिले. इतके गोड भांडण मी आजवर ऐकलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, नैराश्याचा विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट आढळतो. २०१७ साली आपल्याकडे मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला आणि उपचार मिळणे हा माणसाचा हक्क ठरला. हे सारे चांगलेच झाले. पण हक्क बजावण्याच्या आधी घरात एक वाक्य उच्चारावे लागते, आणि ते कोणीतरी ऐकावे लागते. त्या वाक्यापाशीच आपले सारे अडते.

परवा रविवारी मी बहिणीकडे काकूंना भेटावयास गेलो. काका आता नाहीत. काकूंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, नजर मात्र तीक्ष्ण आहे. दोघांनी मिळून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'कासव' पाहिला. २०१७ साली सुवर्णकमळ मिळाले तो. मनाने खचलेला एक अनोळखी तरुण समुद्रकाठच्या एका घरात आणला जातो. त्या घरातील जानकी स्वतः अशाच दुखण्यातून वाट काढीत असते. त्याला कोणी नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही, काय झाले म्हणून विचारीत नाही. जेवायला वाढतात, पांघरूण घालतात आणि वाट पाहतात. काकू सबंध चित्रपटभर एक अक्षर बोलल्या नाहीत. हातात काम नव्हते; आणि त्या उंबऱ्यात नव्हे, आरामखुर्चीत, अगदी पुढे बसल्या होत्या.

संपल्यावर मी धीर करून विचारले, "काकू, तुला भगवंती आठवते? 'हम लोग'मधली?"

"न आठवायला काय झालं? संच सोप्यात नेलात तुम्ही. शेवट बघायचा राहिला माझा."

"तुला ती का आवडायची गं इतकी? रडायची तर सारखी."

काकू थोडा वेळ थांबल्या. म्हणाल्या, "ती रडायला लागली की सगळे गप्प बसून तिच्याकडे बघायचे रे. तुझी आजीसुद्धा. मला वाटायचं, बाईकडे असं बघता येतं तर."

मला काही सुचेना. रंकाळ्याच्या पायरीची आठवण काढावी, क्षमा मागावी, असे मनात आले. पण चाळीस वर्षांनी मागितलेली क्षमा ही मागणाऱ्याच्याच सोयीची असते. मी नुसते विचारले, "आता येतो का गं कंटाळा?"

"येतो की. मधून मधून येतो."

यावेळी मी कारण विचारले नाही. चहा करू या, फिरून येऊ या, असेही म्हटले नाही. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो. बराच वेळ आम्ही दोघे खिडकीबाहेरचा रस्ता पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला मी उभे केले आणि परवाची यादी खोडून टाकावयास सांगितले. "त्या बाईला बरं वाटत नव्हतं," मी म्हटले, "आणि ती तसं सांगत होती. एवढं लिही." मुलगी वही उघडून माझ्याकडे पाहत राहिली. ती वाट पाहत होती की, सर आता पुढचे सांगतील.